दुसऱ्या बाळंतपणासाठी रुग्णालयाची बॅग कशी भरावी

दुसऱ्या खेपेला बॅग भरायला बसले, की पहिल्या वेळची यादी बऱ्यापैकी तोंडपाठ असते, आणि ती यादी मुळात चुकीची नसते. बाळंतिणीचे कपडे, पॅड, बाळाची झबली-दुपटी, तपासण्यांची फाइल हे सारे तेव्हा लागले होते तसे आताही लागणारच आहे. बदललेल्या असतात त्या दोन गोष्टी: कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंतचा वेळ या वेळी बहुधा कमी असतो, आणि ज्या घरातून आपण निघतो त्या घरात एक लहान मूल मागे राहते. म्हणून ही बॅग अशी भरावी, की घाईत ती कोणालाही उचलता यावी आणि तिच्यातली प्रत्येक वस्तू तुम्हाला न विचारता सापडावी. तिच्याच शेजारी, तितक्याच काळजीने, घरी राहणाऱ्या मुलाचीही तयारी करून ठेवावी. माझ्या मते ही दुसरी तयारी आधी करावी, कारण रुग्णालयात एखादी वस्तू कमी पडली तर ती मागवता येते. पण मोठ्या मुलाजवळ रात्री कोण झोपणार हे ठरलेले नसेल, तर कळा येत असताना ते ठरवणे फार जड जाते.

बॅग केव्हा तयार असावी

पहिल्या बाळंतपणात कळा नियमित आणि जोरदार होऊन गर्भाशयाचे तोंड सुमारे ४ सेंटीमीटर उघडले, की तिथून ते पूर्ण उघडेपर्यंत सरासरी ८ तास लागतात आणि १८ तासांच्या पुढे क्वचितच जाते. आधी एकदा योनीमार्गे प्रसूती झालेली असेल, तर हाच टप्पा सरासरी ५ तासांत आटोपतो आणि १२ तासांच्या पुढे क्वचित लांबतो. त्यानंतर जोर करून बाळ बाहेर आणण्याचा टप्पाही बहुधा आखूड होतो. ही सरासरी आहे. काही जणींना याहून कितीतरी कमी वेळ मिळतो. पहिल्या वेळी घरातच येरझारा घालून, आंघोळ उरकून, सावकाश निघता आले असेल, तरी या वेळी तसेच निघता येईल असे गृहीत धरू नये. कळा किती अंतराने येऊ लागल्या की निघायचे, हे डॉक्टरांना नव्याने विचारून घ्यावे, आणि विचारताना घरापासून रुग्णालयापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो तेही सांगावे. पहिली प्रसूती कळा येण्याआधीच सिझेरियनने झाली असेल, तर शरीराला कळांचा हा अनुभव पहिलाच असतो आणि वेळेचा वरचा हिशेब लागू होत नाही. मागच्या सिझेरियननंतर या वेळी योनीमार्गे प्रसूती करण्याचे ठरले असेल, तर कळा सुरू होताच रुग्णालयाला कळवावे. घरी थांबून वाट पाहू नये.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधीची प्रसूती अकाली धरली जाते. पहिले मूल अकाली जन्मलेले असेल, जुळी असतील, रक्तदाब वाढलेला असेल किंवा वार खाली असल्याचे सोनोग्राफीत आले असेल, तर बॅग ३२व्या आठवड्यातच भरून ठेवावी. बाकीच्यांनी ३४ ते ३५ आठवड्यांपर्यंत हे काम संपवलेले बरे. सिझेरियनची तारीख ठरलेली असली, तरी बॅग त्या तारखेच्या आदल्या दिवसावर टाकू नये, कारण कळा तारखेची वाट पाहत नाहीत.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवणे आवश्यक आहे. अंगावरून रक्त जाऊ लागले, बाळाची हालचाल कमी जाणवू लागली, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येऊ लागले, किंवा पाणमोट फुटून आलेले पाणी हिरवट, तपकिरी अथवा रक्तमिश्रित दिसले, तर बॅगेसाठी एक मिनिटही थांबू नये. निघताना रुग्णालयाला फोन करावा आणि बॅग मागाहून कोणीतरी आणेल. पाणी स्वच्छ असले तरी पाणमोट केव्हा फुटली ती वेळ लिहून ठेवावी, पॅड लावावे आणि लगेच कळवावे.

घरी राहणाऱ्या मुलाची तयारी

मोठ्या मुलाजवळ कोण राहील, याची दोन नावे ठरवावीत: एक पहिल्या पसंतीचे आणि एक, ती व्यक्ती आजारी पडली किंवा गावाला गेली तर धावून येऊ शकेल असे. दोघांनाही स्पष्ट विचारावे, की मध्यरात्री फोन आला तर तुम्ही याल का, आणि यायला किती वेळ लागेल. तो वेळ एक तासाहून जास्त असेल, तर तोवर मुलाजवळ थांबू शकेल असे शेजारचे एक तिसरे नाव हवे. घराची जादा किल्ली त्यांच्याकडे आधीच दिलेली असावी. मुलाला त्यांच्या घरी पाठवायचे असेल, तर शेवटच्या महिन्यात एकदोनदा त्याला तिथे रात्री झोपू द्यावे, म्हणजे बाळ येणे आणि आईपासून दूर झोपणे या दोन्ही गोष्टी त्याच्यावर एकाच रात्री येऊन पडत नाहीत.

या मुलाची स्वतंत्र पिशवी भरावी. आईचा मुक्काम साध्या प्रसूतीत एक-दोन दिवसांचा आणि सिझेरियननंतर साधारण दोन ते चार दिवसांचा असतो. मुलाचे कपडे त्याहून एक दिवस जास्त पुरतील इतके ठेवावेत. रात्रीचे कपडे, दात घासण्याचा ब्रश, सवयीचे पांघरूण, नियमित औषधे आणि ती देण्याचे माप, लसीकरणाच्या कार्डाची प्रत आणि त्याच्या डॉक्टरांचा क्रमांक हे सारे एकत्र असावे. ज्या खेळण्याशिवाय किंवा ज्या मऊ चिंधीशिवाय त्याला झोप येत नाही, ती वस्तू मात्र आधीच पिशवीत टाकून चालत नाही, कारण ती रोज लागते. म्हणून पिशवीच्या बाहेर मोठ्या अक्षरात तिचे नाव लिहून चिकटवावे.

याहून महत्त्वाचा आहे तो एक कागद. मुलाजवळ राहणारी व्यक्ती कितीही जवळची असली, तरी तिला तुमच्या घरातल्या संध्याकाळी ठाऊक नसतात. पाणी निळ्या पेल्यातच लागते, दिवा मालवला तरी दार थोडे उघडे ठेवावे लागते, रडत उठला तर उचलून न घेता पाठीवर हात ठेवून बसावे म्हणजे पुन्हा झोपतो, शेंगदाण्याने अंगावर पुरळ उठते, ताप आला तर कोणते औषध किती द्यायचे: अशा बारीकसारीक गोष्टी त्या कागदावर वेळेच्या क्रमाने लिहाव्यात. ॲलर्जी असल्यास ती सर्वांत वर, ठळक लिहावी. शाळेत किंवा पाळणाघरात सोडण्या-आणण्याच्या वेळा, तिथल्या ज्या व्यक्तीशी बोलायचे तिचा क्रमांक आणि मुलाला घेऊन जाण्याची परवानगी कोणाकोणाला दिली आहे हेही त्यातच लिहावे. ही परवानगी शाळेला आधी लेखी कळवलेली असावी. अन्यथा आणायला गेलेल्या माणसाला दारातच थांबवतील, आणि ते योग्यच आहे.

मुलाला काय सांगायचे, हे त्याच्या वयावर आहे. दोन वर्षांच्या मुलाला महिनाभर आधी सांगून काही उपयोग नसतो, पण चार-पाच वर्षांच्या मुलाला क्रम समजतो: आई रुग्णालयात जाईल, अमुक व्यक्ती तुझ्याजवळ झोपेल, बाळ आले की तुला भेटायला बोलावू. ‘तू सकाळी उठशील तेव्हा कदाचित मी घरी नसेन’ हे वाक्य आधी सांगून ठेवावे. मूल झोपलेले असताना निघावे लागले, तर उशाशी ठेवण्यासाठी एक छोटी चिठ्ठी किंवा चित्र, नाहीतर फोनवर ध्वनिमुद्रित केलेले दोन मिनिटांचे बोलणे तयार ठेवावे. बॅग भरताना त्याला खोलीबाहेर पाठवू नये. बाळाची टोपी त्याला निवडू द्यावी आणि त्याने निवडलेलीच टोपी घेऊन जावी. रुग्णालयात आल्यावर ती बाळाच्या डोक्यावर दिसली, की आपलाही या प्रसंगात वाटा आहे हे त्याला न सांगता कळते.

भेटीची तयारीही बॅगेतच होते. मोठ्या मुलाला रुग्णालयात येऊ देतात का, कोणत्या वेळी आणि किती वयापुढच्या, हे आधी विचारावे. त्याला सर्दी, खोकला, ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ असेल, तर भेट पुढे ढकलावी; नवजात बाळाला साधा वाटणारा संसर्गही जड जाऊ शकतो. तो आला की त्याचे हात साबणाने धुऊन घ्यावेत. तो दारातून आत येताना बाळ पाळण्यात किंवा दुसऱ्या कोणाच्या हातात असावे आणि तुमचे हात त्याच्यासाठी मोकळे असावेत. त्याच्यासाठी थोडा सुका खाऊ आणि अर्धा तास गुंतून राहील असे रंगकामाचे पुस्तक किंवा नवे लहानसे खेळणे बॅगेत ठेवावे. बाळाकडून भेट म्हणून ते द्यावे की आईकडून, यावर फार विचार करण्याची गरज नाही. नव्या जागी, पलंगावर वेगळ्याच कपड्यांत दिसणाऱ्या आईजवळ बसायला त्याला काहीतरी निमित्त हवे असते, ते मिळाले म्हणजे झाले.

कागदपत्रे, आणि मागच्या बाळंतपणाचा इतिहास

ओळखपत्र, विमा असल्यास त्याची कागदपत्रे, या गरोदरपणातल्या सर्व तपासण्या आणि सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगटाचा अहवाल, चालू औषधांची आणि ॲलर्जीची यादी हे नेहमीचे झाले. दुसऱ्या वेळी त्यात भर पडते ती मागच्या प्रसूतीच्या डिस्चार्ज कार्डाची. तुम्हाला तपासणारे डॉक्टर त्या रात्री कामावर असतीलच असे नाही, आणि जे असतील त्यांना मागच्या वेळी काय झाले हे काही क्षणांत समजणे आवश्यक असते. सिझेरियन झाले असेल तर ते का झाले आणि गर्भाशयावरचा छेद कोणत्या प्रकारचा होता, प्रसूतीनंतर जास्त रक्तस्राव झाला होता का, टाके खोलवर गेले होते का, बाळाचा खांदा अडकला होता का, बाळाचे वजन किती होते, त्याला काविळीसाठी निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागले होते का, जन्मल्यावर लगेच जंतुसंसर्ग झाला होता का: यातल्या बहुतेक गोष्टींचा या वेळच्या देखरेखीशी थेट संबंध असतो. रक्तस्राव एकदा झालेला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, आणि मोठ्या भावंडाला प्रकाशोपचाराची गरज पडली असेल तर धाकट्याच्या काविळीवर अधिक लक्ष ठेवले जाते. जुने कार्ड सापडत नसेल तर मागच्या रुग्णालयाकडून प्रत मागवावी, आणि त्याला दिवस लागतात म्हणून सातव्या महिन्यातच मागवावी. हे सर्व एका पानावर स्वच्छ अक्षरात लिहून फाइलच्या अगदी वर लावावे.

आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर दुसऱ्या बाळंतपणात हा कागद फार मोलाचा ठरतो. पहिल्या बाळाचा रक्तगट आरएच पॉझिटिव्ह असल्यास त्याच्या रक्ताविरुद्धची प्रतिद्रव्ये आईच्या शरीरात तयार होण्याचा धोका असतो, आणि त्यांचा त्रास पुढच्या बाळाला होतो. ती तयार होऊ नयेत म्हणून अँटी-डी इंजेक्शन देतात. मागच्या वेळी आणि या गरोदरपणात ते केव्हा दिले, प्रतिद्रव्यांच्या तपासणीत काय आले, याची नोंद जवळ असावी. या वेळचे बाळही आरएच पॉझिटिव्ह निघाले, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत हे इंजेक्शन घ्यावे लागते, हे सोबतच्या माणसालाही ठाऊक असावे.

हाताशी राहणारी लहान पिशवी

एकच मोठी बॅग भरणे सोपे वाटते, परंतु प्रसूतिकक्षात ती उघडून, उलथीपालथी करून वस्तू शोधायला कोणाला सवड नसते. मोठी बॅग वाहनात किंवा खोलीत राहू द्यावी आणि कक्षात फक्त एक लहान पिशवी न्यावी. तिच्यात फाइल, फोन, लांब वायरचा चार्जर, ओठांना लावायचे मलम, केस बांधायचे रबर, मोजे, वळणाऱ्या नळीची पाण्याची बाटली, पुढून उघडणारा एक सैल गाऊन, दोन मोठे पॅड, बाळाची टोपी, दोन दुपटी आणि एक मऊ टॉवेल इतकेच असावे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा विसरू नये. घाईच्या प्रसूतीत मोठी बॅग उघडलीच गेली नाही, तरी एवढ्या सामानावर पहिले काही तास व्यवस्थित निघतात.

पुढून उघडणाऱ्या गाऊनचा आग्रह विनाकारण धरलेला नाही. जन्मानंतर बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि पहिल्या तासाच्या आत अंगावर पाजायला सुरुवात करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाची पहिली आंघोळ निदान २४ तास पुढे ढकलावी, हीही तिचीच शिफारस आहे. त्यामुळे पहिल्या तासात बाळाला नवाकोरा पोशाख लागत नाही. त्याला कोरडे पुसून, टोपी घालून आईच्या अंगावर ठेवायचे आणि वरून दुपटे पांघरायचे असते.

वाहनातल्या आसनासाठी एक जाड टॉवेल आणि पाणी झिरपू न देणारे अंथरूण वेगळे ठेवावे. नखांचा रंग काढून टाकावा, कारण रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा बोटाच्या नखावर लावतात. बोटे सुजलेली असतील तर अंगठ्याही घरीच उतरवून ठेवाव्यात. दागिने नेऊच नयेत. कळा सुरू असताना काय खाता-पिता येईल हे रुग्णालयाला विचारूनच ठरवावे, विशेषतः सिझेरियनची शक्यता असेल तर. सोबत राहणाऱ्याचे खाणे, एक जोडी कपडे आणि त्याची रोजची औषधे मात्र विसरू नयेत.

आईसाठी

दुसऱ्या बाळंतपणानंतर पोटात येणाऱ्या कळा पहिल्या वेळेपेक्षा बहुधा जास्त असतात, आणि याची कल्पना नसली तर बाळंतीण घाबरून जाते. पहिल्या प्रसूतीनंतर गर्भाशय आकसून तसेच घट्ट राहते. पुढच्या प्रसूतींनंतर त्याचे स्नायू थोडे सैलावलेले असल्यामुळे ते आकसते, सुटते आणि पुन्हा आकसते, म्हणून कळ उठते. बाळाला पाजायला घेतले की शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते आणि कळ अधिक तीव्र होते. पहिले दोन-तीन दिवस हा त्रास जास्त असतो आणि नंतर ओसरतो. गर्भाशय मूळ आकाराकडे परतत असल्याची ही खूण आहे, पण म्हणून ती सोसत राहिले पाहिजे असे नाही. स्तनपान करताना चालणारी वेदनाशामके असतात. ती मागून घ्यावीत आणि पाजण्याच्या थोडे आधी घ्यावीत. लघवी तुंबली की गर्भाशय नीट आकसत नाही आणि कळाही वाढतात, म्हणून पाजायला बसण्याआधी लघवीला जाऊन यावे. शेकण्याची पिशवी बॅगेत ठेवायची असेल तर रुग्णालयाची परवानगी घ्यावी, ती कापडात गुंडाळूनच वापरावी आणि कमरेतून भूल दिलेली असेल तर संवेदना पूर्ण परत येईपर्यंत वापरू नये. बधिर त्वचेला चटका बसला तरी कळत नाही.

प्रसूतीनंतरचा स्राव सुरुवातीला भरपूर लाल असतो आणि पुढे हळूहळू कमी होत साधारण चार ते सहा आठवडे टिकतो. रुग्णालयाच्या मुक्कामासाठी खास बाळंतिणीचे, जास्त शोषणारे लांब पॅड दोन पाकिटे घ्यावेत. टॅम्पॉन किंवा मासिक पाळीचा कप या काळात वापरायचा नसतो. पॅड तासाभरात पूर्ण भिजू लागले, मोठ्या गाठी पडू लागल्या किंवा चक्कर आली, तर बदलण्याच्या पॅडची चिंता सोडून परिचारिकेला ताबडतोब बोलवावे. कमरेपर्यंत वर येणाऱ्या, सैल, गडद रंगाच्या निकर सहा ते आठ तरी ठेवाव्यात. टाके पडले तर शौचानंतर कोमट पाण्याची धार सोडायला दाबायची प्लॅस्टिकची बाटली फार उपयोगी पडते. ही छोटीशी वस्तू बहुतेक याद्यांत सुटते आणि सर्वांत आधी तिचीच आठवण येते.

दूध या वेळी थोडे लवकर उतरण्याची शक्यता असते. पहिल्या दिवसांत घट्ट, पिवळसर चीक येतो आणि तोच बाळाला पुरतो; भरून येण्याचा काळ बहुतेकींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान येतो. त्यासाठी तार नसलेल्या, सैल अशा पाजण्याच्या दोन ब्रा, स्तनांना लावायचे शोषक पॅड आणि पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन ठेवावेत. मोठे मूल अजून अंगावर पीत असेल तर त्याला एकदम तोडण्याची गरज नाही, मात्र चीक येत असेपर्यंत आधी धाकट्याला पाजावे. पहिल्या वेळचा दूध काढण्याचा पंप न्यायचा असेल तर त्याच्या नळ्या, पडदे आणि झडपा तपासाव्यात. रबर कडक झाले असेल किंवा नळीत बुरशीचे डाग दिसत असतील तर ते भाग नवे घ्यावेत.

सिझेरियन होणार असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तर जखमेवर घासणार नाहीत असे, वरून खाली सोडायचे गाऊन आणि न वाकता पायात सरकवता येणाऱ्या, न घसरणाऱ्या चपला हव्यात. एक जादा उशीही न्यावी. ती खोकताना पोटावर धरता येते, पाजताना बाळाखाली घेता येते, आणि मोठे मूल भेटायला येऊन हौसेने पलंगावर चढले तर पोट आणि त्याचे गुडघे यांच्यामध्ये ठेवता येते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे बाळाहून जड काही उचलायचे नसते, आणि मोठे मूल बाळाहून जडच असते. म्हणून त्याला उचलून घेण्याऐवजी पलंगावर शेजारी बसवून कुशीत घेण्याची सवय शेवटच्या महिन्यातच लावावी.

बाळासाठी

बहुतेक घरांत पहिल्याचे कपडे जपून ठेवलेले असतात आणि नवजात बाळाचे कपडे काही आठवड्यांतच अपुरे होत असल्यामुळे ते झिजलेलेही नसतात. नव्याने फार घेऊ नये. मात्र पेटीतून काढलेले कपडे तसेच बॅगेत टाकू नयेत. प्रत्येक कपडा उजेडात धरून पाहावा: इलॅस्टिक ताणून सोडले की परत येते का, दाबायची बटणे घट्ट बसतात का आणि त्यांच्या कडेला गंज चढला आहे का, नाड्या लांब सुटलेल्या आहेत का, मोज्यांच्या आतून दोऱ्याचे लूप निघाले आहेत का. आतला सुटा धागा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो, म्हणून मोजे उलटे करून पाहावेत. मग सारे सौम्य साबणाने धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून भरावे. पहिले मूल थंडीत झाले आणि हे उन्हाळ्यात होणार असेल, तर जुन्या कपड्यांतले निम्मे उपयोगी नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

दिवसाला चार या हिशेबाने झबली, चार-पाच दुपटी, दोन टोप्या, पायमोजे आणि नवजात आकाराचे डायपर किंवा लंगोट पुरेसे असतात. पहिले एक-दोन दिवस बाळाची शी काळपट आणि चिकट असते, त्यामुळे दर वेळी पुसायला मऊ कापडाचे तुकडे भरपूर ठेवावेत. एका वेळचा पूर्ण पोशाख एका पारदर्शक पिशवीत, अशा तीन-चार पिशव्या कराव्यात. परिचारिका कपडे मागते तेव्हा एक पिशवी उचलून दिली की काम होते. बाळाच्या पाळण्यात ठेवायला उशी, मऊ खेळणी किंवा जाड रजई नेऊ नये. बाळ उताणे, सपाट आणि मोकळ्या गादीवर झोपलेले सर्वांत सुरक्षित असते.

घरी मोटारीने यायचे असेल आणि पहिल्याचे बाळाचे आसन वापरायचे असेल, तर त्यावरची मुदत पाहावी. अपघात सोसलेले आसन बाहेरून धड दिसले तरी वापरू नये. पट्टे मोठ्या मुलाच्या मापाला ओढलेले असतात. ते सर्वांत खालच्या खाचेत आणून, आसन मागे तोंड करून बसवून पाहावे. बाळाला जाड कपडे घालून पट्टे आवळू नयेत. पातळ कपड्यांवर पट्टे बांधून दुपटे वरून घालावे. मोठे मूलही त्याच गाडीतून येणार असेल, तर दोन्ही आसने शेजारी-शेजारी बसतात का, हे आठवडाभर आधी बसवूनच पाहावे.

भरून झाल्यावर

रोज वापरात असलेल्या आणि म्हणून आधी भरता न येणाऱ्या वस्तूंची एक यादी बॅगेच्या कडीला बांधावी: फोन, चार्जर, चष्मा, रोजच्या गोळ्या, मुलाचे आवडते खेळणे, किल्ली. ही यादी सात-आठ ओळींपेक्षा मोठी होऊ देऊ नये.

मग सोबत येणाऱ्या व्यक्तीला बॅग उघडायला सांगावी आणि तुम्ही खुर्चीवरून न उठता तिला तीन वस्तू मागाव्यात: बाळाची टोपी, रक्तगटाचा अहवाल आणि एक पॅड. ती शोधाशोध करू लागली तर मांडणी बदलावी, आणि शक्यतो तिच्याच हातांनी पुन्हा भरून घ्यावी, कारण स्वतः भरलेल्या बॅगेतली वस्तू माणसाला अंधारातही सापडते. मोठ्या मुलाजवळ राहणाऱ्या व्यक्तीलाही तिचा कागद आधीच वाचायला द्यावा. तिच्या मनात येणारे प्रश्न तुम्ही घरी असतानाच विचारले जातील आणि त्यांची उत्तरे त्याच कागदावर लिहून टाकता येतील. नव्या तपासणीचा अहवाल आला की त्याच दिवशी फाइलमध्ये लावावा, आणि दर आठवड्याला मुलाच्या पिशवीतले कपडे हवामानाप्रमाणे बदलावेत.